पाच जणांची क्रूझ दीड लाखात कशी बसवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचोऱ्याचं शिक्षक कुटुंब, नवरा-बायको, चौदा आणि दहा वर्षांची मुलं आणि सत्तरीच्या आजी. मोबाइलवर ‘मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ, २ रात्री, १९,९९९ पासून’ अशी जाहिरात आली. हाताशी दीड लाख आहेत. जाहिरात खरी आहे का, बुकिंग कधी करायचं, एजंटकडून करायचं की स्वतः, आणि एवढ्याच पैशांत सिंगापूरची क्रूझ होईल का?

आधी उत्तर, मग कारणं. जाहिरात बहुतेक खरी असते, पण त्या आकड्यात तुम्ही पाच जण बसत नाही. मुंबईहून निघणारी दोन रात्रींची क्रूझ दीड लाखात होते, पण तारीख जमवून घ्यावी लागते. सिंगापूर पाच जणांचं दीड लाखात होत नाही. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

जाहिरातीतला ‘पासून’ हा शब्द सगळा खेळ करतो. तो दर सगळ्यात कमी मागणीच्या तारखेचा, बिनखिडकीच्या केबिनचा आणि एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून प्रतिव्यक्ती काढलेला असतो. क्रूझचं भाडं हॉटेलसारखं खोलीवर नसतं, माणसावर असतं. केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी. एकट्याने केबिन घेतली तर बहुतेक कंपन्या दोघांच्या भाड्याच्या जवळपास पैसे घेतात. आणि साध्या केबिनमध्ये जास्तीत जास्त चारच जण. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला दोन केबिन घ्याव्याच लागतात, आणि दुसऱ्या केबिनमध्ये आजीसोबत जो कोणी झोपेल, तो दहा वर्षांचा नातू असला तरी ‘दुसरा माणूस’ म्हणून पूर्ण भाडं भरतो. हे गणित लोकांच्या लक्षात येत नाही. ते पाच गुणिले वीस हजार करून एक लाख धरतात आणि बुकिंगच्या शेवटच्या पानावर अडखळतात.

हिशोब मांडून बघू. पुढचे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या तारखेचे आकडे त्यांच्या जागी घाला. एका केबिनमध्ये तिघं, दुसरीत दोघं. पूर्ण भाड्याचे चार जण गुणिले २०,००० म्हणजे ८०,०००. तिसऱ्या माणसाचं निम्मं भाडं धरलं तर १०,०००. झाले ९०,०००. बंदर शुल्क आणि सेवा शुल्क माणशी ३,५०० धरा, पाच जणांचे १७,५००. बेरीज १,०७,५००. कर ५ टक्के धरला तर ५,३७५, म्हणजे जहाजाचं बिल १,१२,८७५. जळगावहून मुंबईचं थर्ड एसीचं तिकीट साधारण ७०० धरलं तर पाच जणांचं जाऊन-येऊन ७,०००. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आजींचं तिकीटही पूर्णच धरा. टॅक्सी, सकाळचा नाश्ता २,०००. जहाजावरचा वरखर्च आणि गोव्यातली गाडी मिळून १०,०००. एकूण १,३१,८७५. जाहिरात प्रतिव्यक्ती प्रतिरात्र दहा हजार सांगत होती, प्रत्यक्षात ते तेरा हजारांच्या वर गेलं. फसवणूक नाही ही, पण तुलना करायची तर या दुसऱ्या आकड्याचीच करायची: सगळं धरून, एका माणसाचं, एका रात्रीचं. दोन रात्रींची सहल चार रात्रींच्या सहलीपेक्षा स्वस्त वाटते, पण गाडीचं भाडं आणि टॅक्सी दोन्हीकडे तेवढीच लागत असल्यामुळे प्रतिरात्र हिशोबात कधी कधी मोठी सहल पुढे निघते.

‘दुसरा माणूस मोफत’, ‘मुलं मोफत’, ‘५० टक्के सूट’ या पाट्या याच कसोटीवर घासून बघा. ‘मोफत’ फक्त भाड्याला लागू असतं. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर त्या मोफत माणसालाही भरावे लागतात. शिवाय दुसरा मोफत म्हणताना पहिल्याचं भाडं वर नेलेलं असतं. म्हणून पद्धत एकच: एकच तारीख, एकच केबिन, तेवढीच माणसं घालून पैसे भरायच्या पानापर्यंत जा, एकूण आकडा वहीत लिहा आणि मागे फिरा. पाटीवर काय लिहिलंय ते वहीत लिहूच नका.

तारीख

खरी बचत इथेच आहे. सूट शोधण्यात महिना घालवण्यापेक्षा तारीख चार दिवस इकडेतिकडे केली तर जास्त पैसे वाचतात. जहाज अर्धं रिकामं असो की भरलेलं, डिझेल, खलाशी आणि बंदराचा खर्च साधारण तोच. म्हणून रिकामी केबिन कंपनीला परवडत नाही आणि मागणी कमी असेल तेव्हा दर खाली येतो. शुक्रवारी निघून रविवारी परतणारी फेरी मुंबई-पुणेकरांनी भरते. सोमवार ते बुधवारची फेरी त्याच जहाजावर, त्याच जेवणाची, पण बरीच कमी दरात मिळते.

तुमची अडचण अशी की शिक्षकाची सुट्टी म्हणजे सगळ्यांचीच सुट्टी. तरी सुट्टीच्या आतसुद्धा उतार असतो. दिवाळीत मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर गुजराती कुटुंबांची गर्दी मोठी असते आणि ती पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत एकवटलेली असते, कारण लाभपंचमीला दुकानं उघडायची असतात. शाळेची दिवाळीची सुट्टी मात्र त्यानंतरही काही दिवस उरते. भाऊबीज घरी करा, लाभपंचमी जाऊ द्या आणि त्यानंतरचे सोमवार ते गुरुवार बघा. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा विसरून जा. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा वर्षातला सर्वांत चांगल्या दराचा काळ असतो. मुलांची एखादी दांडी चालत असेल तर तोच घ्यावा. समुद्रही तेव्हा शांत असतो.

मे महिन्याचं तसं नाही. जळगावात पारा चव्वेचाळीसवर गेल्यावर समुद्राची हवा आठवते हे खरं, पण मेच्या उत्तरार्धात अरबी समुद्र उसळायला लागतो आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या फेऱ्या बंदच असतात. जहाजं पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईकडे जातात. पूर्वेकडच्या फेऱ्यांचे स्वस्त दर दिसले तर चेन्नईपर्यंतचा पाच जणांचा प्रवासखर्च आधी लावा, बहुतेक वेळा बचत तिथेच संपते.

मुंबईहून नियमित फेऱ्या करणारं नाव म्हणजे कॉर्डेलिया. त्यांचं ‘एम्प्रेस’ जहाज १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून मुंबईहून चालतं. हे सांगायचं कारण असं की जुन्या बांधणीच्या जहाजावर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच असतात, त्यामुळे त्यांचा दर चढा राहतो. दोन रात्रींसाठी बाल्कनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी केबिन हातात येईपर्यंत दुपार होते, दुसरा दिवस गोव्यात जातो, तिसऱ्या सकाळी बॅगा भरायच्या. बाल्कनीत बसणार कधी? समुद्र बघायला वरचा डेक सगळ्यांना मोकळाच असतो.

बिनखिडकीची, म्हणजे इंटीरियर केबिन सर्वांत स्वस्त. तिच्यात दिवसा बाराला दिवा मालवला तरी मध्यरात्र वाटते. मुलांना मजा वाटेल, आजींना कोंडल्यासारखं होऊ शकतं. तसं असेल तर एक खिडकीची आणि एक बिनखिडकीची घ्या, दोन्ही वरच्या दर्जाच्या घ्यायची गरज नाही. खिडकीच्या केबिनमध्येही एक स्वस्त प्रकार असतो, खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. उजेड येतो, देखावा येत नाही. फक्त उजेड हवा असेल तर तो फायद्याचा सौदा.

आणखी एक स्वस्त प्रकार म्हणजे ‘गॅरंटी’ केबिन. तुम्ही फक्त दर्जा ठरवता, क्रमांक कंपनी निघण्याच्या सुमारास देते. जोडप्यासाठी उत्तम. तुमच्यासाठी नको, कारण दोन केबिन दोन वेगळ्या मजल्यांवर मिळाल्या तर रात्री आजींना काही हवं झालं की कोण धावणार? दोन केबिन एकाच वेळी, एकमेकांशेजारी, क्रमांक पाहून घ्या. क्रमांक निवडताना जहाजाचा नकाशा उघडून लिफ्टपासूनचं अंतर बघा आणि केबिन जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या. तिथे डुलणं सर्वांत कमी जाणवतं, आणि गंमत म्हणजे बहुधा त्याच केबिन स्वस्त असतात. फक्त डोक्यावर नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर येत नाही ना, ते वरच्या मजल्याच्या नकाशात बघा.

बुकिंग कधी, कुणाकडून

शेवटच्या क्षणी दर पडतात, ही गोष्ट अर्धी खरी आहे. परदेशी कंपन्यांमध्ये पूर्ण रक्कम भरायची तारीख असते, सहलीच्या आधी साधारण दोन ते तीन महिने. त्या तारखेला ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या केबिन मोकळ्या होतात आणि लगेच नंतरच्या दिवसांत दर हलतात. देशातल्या फेऱ्यांत आठवड्याच्या मधल्या तारखांचे दर निघण्याआधी दोन-तीन आठवडे खाली येताना दिसतात. पण हा खेळ मुंबईत राहणाऱ्या जोडप्याचा आहे. पाचोरा-जळगावच्या पाच जणांनी तो खेळू नये. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या दिवसांत मुंबईच्या रात्रगाड्यांचं थर्ड एसी थोड्या वेळात वेटिंगवर जातं. क्रूझ दहा हजारांनी स्वस्त मिळाली आणि पाच जणांसाठी जळगावहून गाडी करावी लागली, तर हाती काय राहिलं? शिवाय शेवटी उरलेल्या केबिन एकमेकींशेजारी असतीलच असं नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. सहलीच्या चार-पाच महिने आधी तीन तारखा निवडा आणि त्यांचे शेवटच्या पानावरचे एकूण आकडे वहीत उतरवा. मग आठवड्यातून दोनदा तेच बघा. चार-पाच आठवड्यांत तुम्हाला त्या तारखेची सवय कळते: नेहमीचा दर कोणता, पाटी लागते तेव्हा तो खरंच उतरतो की फक्त छापील किंमत खोडलेली दिसते. खरा उतार दिसला की आरक्षण करून टाका, पण रद्द करण्याचे नियम वाचूनच. सर्वांत स्वस्त भाड्यावर बहुतेक वेळा ‘परतावा नाही’ असं असतं. आजींची तब्येत हा मुद्दा असेल तर थोडं जास्त देऊन तारीख बदलता येणारं भाडं घ्या. रद्द केल्यावर किती पैसे कापले जातात ते निघण्याच्या दिवसापासून मागे मोजून टप्प्याटप्प्याने ठरलेलं असतं. तो तक्ता छापून ठेवा. तिकीट झालं की ६० दिवस आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या सकाळी आठ वाजता रेल्वेचं बुकिंग करा.

पूर्ण पैसे भरायच्या आधी तुमच्याच केबिनचा दर खाली आला, तर बऱ्याच परदेशी कंपन्या कमी दर लावून देतात. पण आपणहून कोणी सांगत नाही, फोन तुम्हालाच करावा लागतो. म्हणून बुकिंग झाल्यावरही वही बंद करू नका.

एजंटबद्दल बोलायचं तर, त्याचं कमिशन कंपनी देते, त्यामुळे त्याच्याकडचा दर आणि कंपनीच्या साइटवरचा दर सहसा एकच असतो. चांगला एजंट कमिशनमधला थोडा भाग सोडतो किंवा जहाजावर खर्च करायला क्रेडिट मिळवून देतो. जळगाव-धुळ्याच्या एजंटला सरळ विचारा, ‘साइटवर इतके दिसतात, तुम्ही काय सोडता?’ त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन हजारांसाठी मात्र अनोळखी माणसाकडे जाऊ नका. काही बिघडलं की गावातला एजंट गाठता येतो.

ग्रुप जमवता आला तर एजंट खरा कामाला येतो. बऱ्याच परदेशी कंपन्यांत आठ केबिन म्हणजे सोळा माणसं झाली की ग्रुपचा दर लागतो आणि कधी कधी एका माणसाचं भाडं सुटतं. खान्देशात हे जमवणं अवघड नाही. भिशीचं मंडळ, एकाच शाळेतले सहकारी, केळीचे पैसे एकाच हंगामात हातात आलेले रावेर-यावलचे भाऊबंद, कोणीही चालेल. पण सुटलेलं भाडं कोणाच्या वाट्याला जाणार ते आधी ठरवा आणि सगळ्यांकडून पैसे भरायच्या तारखेच्या आठ दिवस आधीच घ्या. एका कुटुंबाने शेवटी माघार घेतली की आठाच्या सात केबिन होतात आणि सगळ्यांचाच दर बदलतो.

फसवणूक दोन प्रकारची दिसते. पहिली उघड: व्हॉट्सअॅपवर निम्म्या दराचं पत्रक, ‘आज रात्री बारापर्यंत’, आणि पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. साधा नियम ठेवा. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात, जीएसटी क्रमांकाची पावती, आणि बुकिंग क्रमांक मिळाल्यावर त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर किंवा कंपनीला फोन करून तो क्रमांक तपासायचा. ‘व्हाउचर’ म्हणजे बुकिंग नव्हे. दुसरी फसवणूक जास्त सभ्य असते. जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात जोडप्यांना जेवायला बोलावतात, लकी ड्रॉमध्ये ‘मोफत क्रूझ’ लागल्याचं सांगतात आणि दोन-तीन तासांत लाखभराचं हॉलिडे मेंबरशिप गळ्यात मारतात. ती मोफत क्रूझ घ्यायला गेलं की तारीख नाही, कर वेगळे, एजंटचं शुल्क वेगळं. त्या जेवणाला जाऊच नये. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी. सेवेबद्दलची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जहाजावर पैसे कुठे गळतात

भाड्यात केबिन, मुख्य उपाहारगृहांतलं जेवण, कार्यक्रम, पोहण्याचा तलाव येतं. दारू, डबाबंद थंड पेयं, वेगळ्या नावाची खास रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, फोटो, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं. जहाजावर रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटच्या रात्री बिल येतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या कार्डावर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी रिसेप्शनला सांगून घाला, नाहीतर गेम झोनचं बिल बघून डोळे फिरतील. बिल दररोज रिसेप्शनला किंवा टीव्हीवर बघता येतं. चुकून लागलेली रक्कम त्याच दिवशी काढून मिळते, उतरल्यावर नाही.

फोनचं फार नीट लक्षात ठेवा. किनारा सुटला की मोबाइल जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप चिकटू शकतो आणि ते रोमिंग आपल्या नेहमीच्या पॅकमध्ये बसत नाही. जहाज सुटायच्या आधी पाचही फोन फ्लाइट मोडवर टाका. वायफाय घ्यायचंच असेल तर एकाच फोनसाठी घ्या.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. कंपनीची सहल महाग असते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. पाच जण असल्यामुळे बाहेर एक गाडी ठरवणं स्वस्त पडतं, पण पणजी-जुने गोवे करत बसू नका. जवळचं वास्को, बोगमाळोचा किनारा, दुपारचं जेवण आणि दिलेल्या वेळेच्या दीड तास आधी परत.

मुंबई-गोवा एकेरी फेरी मिळाली तर खान्देशकरांसाठी एक चांगली सोय आहे. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मिरज-पुणे-मनमाड-भुसावळमार्गे दिल्लीला जाते. वास्को स्टेशन मुरगाव बंदराला लागूनच म्हणावं असं आहे. म्हणजे एक रात्र जहाजावर, पुढे दोन दिवस गोव्यात साध्या लॉजवर, आणि मुंबईला न जाता थेट घर. जहाजाच्या रात्री कमी झाल्या की सगळ्यात महाग भाग कमी होतो.

लक्षद्वीपच्या फेऱ्या मोह पाडतात, पण तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. लहान होड्यांतून उतरावं लागतं. समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं आणि परत मिळतं ते फार तर बंदर शुल्क, भाडं नाही. हे प्रवासाच्या अटींत लिहिलेलं असतं. प्रवेश परवानाही लागतो, त्याची कागदपत्रं वेळेत द्यावी लागतात. सत्तरीच्या आजींना हलत्या होडीत उतरवायचं का, हा विचार दरापेक्षा मोठा.

सिंगापूर

सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या भरपूर क्रूझ निघतात, रॉयल कॅरिबियनच्या आणि रिसॉर्ट्स वर्ल्डच्या, आणि जहाजाचा प्रतिरात्र दर कधी कधी मुंबईपेक्षा कमी दिसतो. जहाजंही मोठी. पण मुंबई-सिंगापूर विमानाचं जाऊन-येऊन तिकीट माणशी पंचवीस हजार धरलं तरी पाच जणांचा सव्वा लाख तिथेच संपला. त्यावर व्हिसा, आदल्या रात्रीचं हॉटेल आणि जहाजावरची टिप. टिप ऐच्छिक वाटते, पण परदेशी जहाजांवर ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप बिलात लागते, मुलांनासुद्धा. भारतीय कार्डावर परकीय चलनाचं शुल्क दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी वेगळा. परदेशी टूर पॅकेज एजंटकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वजा होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात, म्हणून पावतीवर पॅन बरोबर आहे ना ते बघा. पाच जणांचं हे सगळं तीन-साडेतीन लाखांच्या घरात जातं.

तरी पुढे कधी जायचं ठरलंच तर दोन गोष्टी. क्रूझ सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येते, म्हणजे देशात दोनदा प्रवेश होतो, तेव्हा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन अर्ज, सरकारी साइटवर मोफत भरता येतं, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक हवी.

घरापासून धक्क्यापर्यंत

विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेसने रात्री जळगावहून निघालं की सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ. जहाजात चढणं दुपारपासून सुरू होतं आणि निघण्याच्या तासभर ते दीड तास आधी दार बंद होतं, म्हणून सकाळची गाडी तीन-चार तास उशिरा आली तरी चालते. दुपारी मुंबईत पोहोचणारी गाडी मात्र घेऊ नका. कसाऱ्याच्या घाटात किंवा कल्याणजवळ गाडी अडकली की हिशोब चुकतो आणि गेलेल्या जहाजाचे पैसे परत मिळत नाहीत. धुळ्याहून येणाऱ्यांनी रस्त्याने यावं, पण रात्रीच निघावं. परतीची गाडी संध्याकाळचीच ठेवा, कारण जहाज सकाळी लागलं तरी सगळे उतरेपर्यंत अकरा-बारा वाजतात. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकून दुपार काढता येते.

वेब चेक-इन घरूनच करा. देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र चालतं, मुलांना आधार लागतं. बुकिंगवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे आजींच्या आधारवर माहेरचं नाव, मतदार कार्डावर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी असं सर्रास असतं. बुकिंग करताना जे ओळखपत्र नेणार त्यावरचंच नाव घाला.

जैन किंवा बिनकांद्याचं जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, चढल्यावर सांगितलं तर पहिलं जेवण हुकतं. घरचे डबे आत नेता येत नाहीत, बॅगा एक्स-रेतून जातात आणि पुरणपोळीचा डबा दारातच राहतो. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतात. मोठ्या बॅगा धक्क्यावर दिल्या की केबिनमध्ये यायला काही तास लागतात, म्हणून आजींच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि एक साडी हातातल्या पिशवीत ठेवा. मळमळीची गोळी डुलायला लागल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते. पण आजींच्या इतर औषधांबरोबर ती चालते का, हे पाचोऱ्यातल्या तुमच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या.